सूर्यमुख, बेल आणि भाला : होळकरांची सत्ताचिन्हे

इंदूरच्या होळकर घराण्याने मागे ठेवलेल्या नाण्यांवर, मुद्रांवर, छत्र्यांवर आणि फाटकांवर काही मोजकीच चिन्हे पुन्हा पुन्हा दिसतात: किरणांनी वेढलेले सूर्याचे मुख, बेलाचे पान, शिवलिंग, घोडा, नंदी, तलवार आणि भाला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून 1948 पर्यंत, दोनशेहून थोडी अधिक वर्षे, ही चिन्हे चालत राहिली. त्यांचा अर्थ मात्र एकच राहिला नाही. घराणे जेव्हा मैदानात लढत होते तेव्हा त्याची चिन्हे साधी आणि देव्हाऱ्यातून उचललेली होती. लढण्याचा अधिकार हातून गेल्यावर तीच चिन्हे ढालीवर, मुकुटाखाली, ओतीव लोखंडात आणि संगमरवरात थाटाने मांडली गेली. हा क्रम होळकरांपुरता नसला, तरी इंदूर आणि महेश्वर येथे तो जितका स्पष्ट वाचता येतो तितका फार थोड्या ठिकाणी वाचता येत असेल.

घराण्याचे मूळपुरुष मल्हारराव यांचा जन्म 1693 चा, नीरेकाठच्या होळ गावचा, धनगर कुटुंबातला. वडील खंडोजी लवकर वारले आणि आई मुलाला घेऊन खानदेशात तळोद्याला भाऊ भोजराज बारगळ यांच्याकडे गेली. बारगळांच्या पदरी थोडेसे घोडदळ होते व ते कदमबांडे सरदारांची चाकरी करत. मेंढरे राखणारा मुलगा या पथकात शिरला, मामाच्या मुलीशी, गौतमाबाईंशी, त्याचे लग्न झाले आणि पुढे त्याने स्वतःचे निशाण उभारले. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे हे तिकोनी निशाण मुळात कदमबांड्यांचे. मल्हाररावांनी ते धन्याच्या संमतीने घेतले आणि पुढे स्वतंत्र झाल्यावरही सोडले नाही, असे होळकरी परंपरा सांगते. म्हणजे पहिलेच चिन्ह उसने होते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. त्या काळी निशाण हा रक्ताचा दाखला नव्हता, कोणाच्या पथकात शिपाईगिरी केली याची ती खूण होती.

दुसरी कथा नागाची. मेंढ्या चारताना झोपी गेलेल्या मुलाच्या तोंडावर ऊन आले तेव्हा नागाने फणा धरून सावली केली, अशी ती आख्यायिका. ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्यात ती ऐकून लिहून ठेवली. फण्याची सावली म्हणजे छत्र, आणि छत्र म्हणजे राज्य. जन्माने ज्याला छत्र मिळाले नाही त्याला ते निसर्गाने धरले, एवढे सांगण्यासाठी अशा कथा रचल्या जातात.

इटलीत पंधराव्या शतकात हेच घडले होते. मुत्सिओ अत्तेंदोलो हा कोतिन्योला या खेड्यातला तरुण भाडोत्री सैन्यात गेला, ‘स्फोर्त्सा’ या टोपणनावाने ओळखला जाऊ लागला आणि त्याचा मुलगा फ्रान्चेस्को 1450 मध्ये मिलानचा ड्यूक झाला. मुत्सिओने शिपाई व्हावे की शेतकरी राहावे याचा कौल घेण्यासाठी कुऱ्हाड झाडावर भिरकावली, ती फांदीत अडकली आणि तो शिपाई झाला, अशी तिथली कथा. फ्रान्चेस्कोने आधीच्या विस्कोन्ती घराण्यातील मुलीशी लग्न केले आणि त्या घराण्याचे सर्पचिन्ह आपल्या ढालीवर घेतले. नव्या सत्तेला जुन्या चिन्हाची गरज लागते. फरक इतकाच की स्फोर्त्सांना ते मागच्या राज्यकर्त्यांकडून घ्यावे लागले. होळकरांना ते घरच्या देव्हाऱ्यातच सापडले.

तो देव म्हणजे जेजुरीचा खंडोबा, होळकरांचे कुलदैवत. खंडोबा घोड्यावर बसतो, हातात खड्ग धरतो आणि मणि-मल्ल दैत्यांना मारतो. धनगर, मराठे, कोळी, रामोशी अशा अनेक जातींचा तो देव, म्हणजे मराठी फौजेत भरती होणाऱ्या बहुतेकांचा. मल्हारी मार्तंड या नावात सूर्यही आला. पुढे होळकरी रुपयावर जे सूर्यमुख झळकले, शस्त्रांची जोडी आली, घोडा आला, त्या सगळ्यांचे मूळ जेजुरीच्या गडावर शोधावे लागते. मल्हाररावांच्या मुद्रेतही मराठी मुद्रांच्या रूढ घाटाप्रमाणे म्हाळसाकांताच्या चरणी तत्पर असलेला खंडोजीपुत्र मल्हारजी असाच उल्लेख होता. जेजुरीच्या गडाच्या बांधकामावर होळकरांनी पिढ्यान्‌पिढ्या खर्च केला, तलाव बांधला. गावातल्या मल्हार गौतमेश्वर मंदिरात शिवलिंगाच्या मागे मल्हारराव व त्यांच्या पत्नींच्या मूर्ती बसवल्या आहेत. राजाला देवाच्या मागे बसवण्याची ही पद्धत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढच्या सगळ्या छत्र्यांत ती पाळली गेली.

पेशवाईत सरदाराचा मान ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या होत्या: सरंजाम, मानाची वस्त्रे, पालखी, अब्दागीर, चौघडा. त्या वरून मिळत आणि वरून काढूनही घेता येत. मल्हाररावांना त्या यथाकाल मिळाल्या. 1734 मध्ये गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर स्वतंत्र लावून मिळाली, ही त्यांतली सर्वांत टिकाऊ. दौलतीचा खजिना फौजेसाठी आणि खासगीचा राणीच्या हाती, ही वाटणी पुढे अहिल्याबाईंच्या बांधकामांना उपयोगी पडली.

मल्हारराव 20 मे 1766 रोजी आलमपूर येथे वारले. मुलगा खंडेराव 1754 मध्येच कुंभेरीच्या वेढ्यात पडला होता, नातू मालेराव वर्षभरात गेला, आणि 1767 पासून 13 ऑगस्ट 1795 पर्यंत अहिल्याबाईंनी महेश्वरहून राज्य चालवले. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे होती. तुकोजी मल्हाररावांचे पुत्र नव्हते, तरी नव्या मुद्रेत त्यांना मल्हाररावांचे पुत्र म्हटले गेले, असे माल्कम नोंदवतो. वंश तुटला तर मुद्रेत तो सांधता येतो, हे अठराव्या शतकातल्या कारकुनांना चांगले ठाऊक होते. सम्राट माक्सिमिलियन पहिला याने आल्ब्रेख्त ड्यूररकडून 192 लाकडी ठशांचे कागदी विजयद्वार करवून घेतले, त्यात आपला वंशवृक्ष पार पुराणकाळापर्यंत नेला होता. त्या मानाने महेश्वरची ही दुरुस्ती फारच माफक म्हणावी लागेल.

अहिल्याबाईंनी सत्तेच्या चिन्हांत जो बदल केला तो मात्र माफक नव्हता. राज्य शंकराचे आणि आपण त्याचे कारभारी, ही भूमिका घेऊन त्यांनी हुकुमांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्री शंकर’ अशी निशाणी चालवली. महेश्वरच्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलपत्र उमटले, तर मल्हारनगर म्हणजे इंदूरच्या टांकसाळीचे चिन्ह सूर्यमुख राहिले. मजकूर फारसीत, नाव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचे. एका नाण्यावर तीन सत्ता सामावल्या होत्या: कायद्याने बादशहाची, धर्माने शंकराची आणि व्यवहारात ज्या बाईची होती तिचे नाव कुठेच नाही. याला विनय म्हणण्याची पद्धत आहे. तो असेलही, पण हा उत्तम राजकीय हिशोबही होता. विधवा स्त्रीच्या गादीवर आक्षेप घेणारे पुण्यात आणि घरात दोन्हीकडे होते. गादी शंकराची म्हटल्यावर तक्रार करायची कोणाविरुद्ध?

बेलाचे पान हेही नुसते पूजेचे साहित्य नव्हे. मराठी राजकारणात तह करताना, फितुरीचा संशय फेडताना, दोन सरदारांत समेट घडवताना बेलभंडार उचलून शपथ घेत. शंकराचा बेल आणि खंडोबाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडणे हे महापाप समजले जाई, आणि तरीही तो मोडला जाई, हे बखरींच्या वाचकाला सांगायला नको. नाण्यावरचे बेलपान पाहून माळव्यातल्या शेतकऱ्याला शंकर आठवत असेल. शिपायाला शपथही आठवत असणार.

महेश्वरच्या वाड्यात अहिल्याबाईंची गादी जपलेली आहे. बैठक साधी, जमिनीलगतची. वाड्यात लिंगार्चनाची प्रथा चालू आहे: मातीची लिंगे करायची, पूजा करायची आणि नर्मदेत विसर्जन करायचे. ज्या काळात युरोपातले राजे पोलादी चिलखत घालून घोड्यावर बसलेली आपली चित्रे काढवून घेत, त्या काळात एका राज्याचे मुख्य चिन्ह रोज मातीत घडवून रोज पाण्यात सोडले जात होते. अहिल्याबाईंची आज सर्वत्र दिसणारी प्रतिमा, पांढरे लुगडे, डोक्यावर पदर, तळहातावर शिवलिंग, ही याच परंपरेतून रूढ झाली. तलवार तिच्यात नाही. तुकोजींची फौज उत्तरेत आणि दक्षिणेत लढत होती, पैसा महेश्वरहून जात होता, स्वतः बाई प्रसंगी शस्त्र उचलण्याच्या तयारीत असत. पण चित्रात शस्त्राला जागा मिळाली नाही.

शस्त्र परतले ते यशवंतरावांबरोबर. तुकोजींचा हा अनौरस पुत्र 1776 मध्ये वाफगावला जन्मला. 1797 मध्ये तुकोजी गेल्यावर भावाभावांत गादीचा झगडा लागला, दौलतराव शिंद्यांनी त्यात हात घातला, मल्हारराव दुसरे मारले गेले आणि यशवंतराव जवळजवळ एकटे माळव्यात परतले. मारल्या गेलेल्या भावाचा तान्हा मुलगा खंडेराव याच्या नावाने त्यांनी सत्ता चालवली, कारण स्वतःच्या जन्मावर बोट ठेवले जाईल हे त्यांना माहीत होते. बंदुकीच्या अपघातात एक डोळा गेला. उर्बिनोचा सेनापती-ड्यूक फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो याचाही उजवा डोळा 1450 च्या द्वंद्वखेळात गेला होता. पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने त्याचे प्रसिद्ध चित्र डाव्या बाजूने काढून ती जागा झाकली आणि त्या बाजूच्या चेहऱ्यातूनच सत्ता उभी केली. यशवंतरावांना चित्रकाराची गरज भासली नाही. त्यांनी आपली ओळख नाण्यावरच्या अक्षरांत कोरली.

हे नाणे पाडण्याआधीची सात-आठ वर्षे धामधुमीची होती. 1801 मध्ये बंधू विठोजी यांना पेशवे बाजीराव दुसरे यांच्या हुकमाने पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. त्याच वर्षी यशवंतरावांनी शिंद्यांच्या उज्जैनीवर आघात केला आणि शिंद्यांच्या वतीने सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून राजवाडा जाळला. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरच्या लढाईत शिंदे-पेशव्यांची फौज मोडली, पेशवा पळाला आणि वसईच्या तहात इंग्रजांच्या कुशीत शिरला. 1804 मध्ये कर्नल मॉन्सनच्या पलटणींची मुकुंदवाऱ्यापासून पळता भुई थोडी झाली. 1805 च्या आरंभी भरतपूरच्या तटापुढे इंग्रज सेनापती लेकचे हल्ले फसले. अखेर डिसेंबर 1805 मध्ये राजघाटचा तह झाला.

तहानंतर लगेच, शके 1728 मध्ये, म्हणजे 1806 च्या सुमारास, यशवंतरावांनी एक असा रुपया पाडला की त्याची तुलना होळकरांच्या दुसऱ्या कोणत्याच नाण्याशी होत नाही. फारसी मजकूर गेला. नागरी लिपीत संस्कृत श्लोक आले. एका बाजूचा आशय असा की इंद्रप्रस्थी बसलेला राजा हा भूमंडळाचा चक्रवर्ती आणि त्याच्या प्रसादाने ही मुद्रा लोकांत शोभते. दुसऱ्या बाजूला, लक्ष्मीकांताच्या चरणकमळी ज्याचे मन भुंग्यासारखे रमते त्या यशवंताची ही मुद्रा पृथ्वीवर विख्यात आहे, असे म्हटले आहे. दिल्ली 1803 मध्येच लेकच्या ताब्यात गेली होती आणि बादशहा कंपनीचा पेन्शनर झाला होता. तरी यशवंतराव कंपनीचे नाव टाळून बादशहालाच चक्रवर्ती म्हणतात, तेही संस्कृतात. पराभवानंतर केलेले हे विधान आहे, आणि ते शरणागतीचे नाही. अहिल्याबाईंनी जिथे आपले नाव गाळले तिथे या अनौरस मुलाने आपले नाव पृथ्वीवर विख्यात म्हणून कोरले, हा फरक दोन स्वभावांचा जितका तितकाच दोन अडचणींचा आहे.

यानंतर त्यांनी भानपुऱ्याला तोफा ओतण्याचा कारखाना काढला आणि तिथेच झिजून 28 ऑक्टोबर 1811 रोजी ते वारले. लिओनार्दो दा विंचीने फ्रान्चेस्को स्फोर्त्साच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी जमवलेले कांसे 1494 मध्ये तोफांसाठी नेले गेले, आणि मातीचा प्रचंड घोडा पुढे फ्रेंच तिरंदाजांनी नेमबाजीसाठी वापरला. भानपुऱ्यात धातू पुतळ्यासाठी कधी ठेवलाच नव्हता. तिथे आता यशवंतरावांची छत्री आहे.

छत्री हे होळकरांच्या स्मारककलेचे मुख्य रूप. इटलीत पादुआच्या चौकात दोनातेल्लोने गात्तामेलाताला आणि व्हेनिसमध्ये वेरोक्क्योने कोल्लेओनीला घोड्यावर बसवले. सेनापती चौकात, लोकांच्या डोक्यावर, कायमचा स्वार. मराठ्यांनी अठराव्या शतकात असा पुतळा उभारला नाही. त्यांचा सेनापती नदीकाठच्या शिखराखाली, शिवलिंगाच्या मागे, पत्नीसह बसतो. आलमपूरला मल्हाररावांची, कुंभेरीजवळ खंडेरावांची, महेश्वरला अहिल्याबाईंची आणि विठोजींची, इंदूरच्या छत्रीबागेत व कान्ह नदीकाठी कृष्णपुऱ्यात पुढच्या पिढ्यांची. महेश्वरच्या विठोजींच्या छत्रीच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरली आहे. ज्याला हत्तीच्या पायी दिले त्याची छत्री हत्तींनी पेलावी, यात कारागिराने काही म्हणायचे योजले होते की तो नेहमीचा गजथर होता, हे पाहणाऱ्याने ठरवावे. कृष्णपुऱ्यात कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव यांच्या छत्र्या आहेत.

राजवाड्याची गोष्ट थोडक्यात अशी: मल्हाररावांनी अठराव्या शतकाच्या मध्याला सुरुवात केली, 1801 मध्ये जळला, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुन्हा उभा राहिला. सात मजल्यांचे प्रवेशद्वार, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. आत मल्हारी मार्तंडाचे देऊळ. 1984 च्या दंगलीत मागचा भाग पुन्हा जळाला आणि नंतर बांधून काढला गेला. वाड्यासमोर पेटणारी सरकारी होळी आणि मोहरमातला सरकारी ताजिया या दोन्ही प्रथा होळकरांच्या काळापासून चालत आल्या आहेत. ‘सरकारी’ हा शब्द तिथे होळकर सरकारला उद्देशून आहे, आजच्या सरकारला नव्हे.

21 डिसेंबर 1817 च्या महिदपूरच्या पराभवाने आणि 6 जानेवारी 1818 च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचे लष्करी स्वातंत्र्य संपले. राजधानी इंदूरला आली. चिन्हांचा थाट वाढतो तो इथून पुढे. शाहआलम 1806 मध्ये मेला होता, तरी त्याचे नाव होळकरी रुपयावर अनेक दशके छापले जात राहिले, सूर्यमुखही राहिले. 1877 च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लिटनने संस्थानिकांना रेशमी ध्वज वाटले, त्यांवर प्रत्येकाचे कुलचिन्ह युरोपीय ढालीच्या घाटात चितारले होते. ही रचना बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधील रॉबर्ट टेलर याची. ध्वज इतके जड की एकेक उचलायला दोन धिप्पाड हायलँडर शिपाई लागत. घोड्यावर, भाल्याला बांधून, दौडताना फडकणाऱ्या तिकोनी निशाणापासून स्वतःला उचलता न येणाऱ्या ध्वजापर्यंत दीडशे वर्षांचा प्रवास असा झाला.

होळकरांच्या राजचिन्हात जुनी सगळी मंडळी गोळा झाली: सूर्य, छत्र, घोडा, नंदी, तलवार आणि भाला, आणि त्यांच्या जोडीला गव्हाची ओंबी व अफूचे बोंड. शेवटची जोडी माळव्याची. काळी माती गहू देत होती आणि अफू पैसा; मुंबईमार्गे चीनला जाणाऱ्या माळव्याच्या अफूवर इंदूरच्या पेढ्या वाढल्या. राज्याच्या उत्पन्नाचा असा प्रांजळ उल्लेख फार थोड्या राजचिन्हांत आढळेल. खाली संस्कृत ब्रीद: लक्ष्मी उद्योग करणाऱ्याला लाभते, असे उमेश सांगतो. पुढे शिवाजीरावांच्या तांब्याच्या नाण्यांवर बसलेला नंदी आला. मान मोजायला तोफांची सलामी होती: इंदूरच्या महाराजांना 19, स्वतःच्या हद्दीत 21. ज्या घराण्याने तोफा ओतल्या त्याची प्रतिष्ठा आता दुसऱ्याने उडवलेल्या तोफांवर ठरू लागली.

याच काळात लालबाग पॅलेस बांधला गेला. 1886 च्या सुमारास काम सुरू होऊन 1921 पर्यंत चालले. त्याचे फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये ओतून मुंबईमार्गे आणले आणि त्यावर होळकरांचे राजचिन्ह बसवले. आत इटालियन संगमरवर, सोनेरी नक्षी, छतावर ग्रीक-रोमन पुराणांतल्या देवता. युरोपच्या पुनरुज्जीवन काळातील दरबारांनी ज्या देवतांना आपल्या स्तुतीसाठी कामाला लावले त्या अशा रीतीने चारशे वर्षांनी कान्हेच्या काठी पोचल्या, आणि बाहेरच्या फाटकावर मात्र खंडोबाचा घोडाच राहिला.

शिवाजीरावांनी 1903 मध्ये गादी सोडली, तुकोजीराव तिसरे यांना बावला खून प्रकरणात दरबाराचे नाव आल्यावर 1926 मध्ये सोडावी लागली. त्यांचे पुत्र यशवंतराव दुसरे ऑक्सफर्डचे शिक्षण, पॅरिसचे मित्र आणि जर्मन वास्तुकार एकार्ट मुटेसियस यांच्यासह आले. 1930 ते 1933 या काळात उभा राहिलेला माणिकबाग राजवाडा काच, पोलाद आणि सरळ रेषांचा आहे. राजचिन्हांना त्या कल्पनेत स्थान नव्हते. तरी महाराजांनी फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल याच्याकडून आपली दोन चित्रे काढवून घेतली. 1929 च्या चित्रात काळ्या विलायती पोशाखातला, खांद्यावर झगा टाकलेला सडपातळ तरुण आहे. काही वर्षांनंतरच्या चित्रात तोच तरुण लाल पगडी आणि पांढऱ्या अंगरख्यात पांढऱ्या गादीवर तलवारीसह बसला आहे. गळ्यात ‘इंदूर पेअर्स’ नावाने प्रसिद्ध असलेले प्रत्येकी सुमारे 47 कॅरटचे दोन हिरे आहेत, जे तुकोजीराव तिसरे यांनी पॅरिसच्या शोमे पेढीकडून घेतले होते. पगडी, गादी आणि तलवार हे इथे पोशाखाचे पर्याय झाले आहेत. फेदेरिकोच्या चित्राला एक सत्ता टिकवायची होती. या चित्राला एक आठवण.

1935 मध्ये इंदूरच्या तांब्याच्या नाण्यांवर महाराजांचा चेहरा आला. तेव्हा राज्य संपायला तेरा वर्षे उरली होती. 28 मे 1948 रोजी मध्य भारत संघ अस्तित्वात आला आणि राज्य विलीन झाले. माणिकबागेत सीमाशुल्क व उत्पादन शुल्काचे कार्यालय आले, लालबाग शासनाकडे गेला. विमानतळ आणि विद्यापीठ यांना नाव मिळाले ते यशवंतरावांचे किंवा तुकोजीरावांचे नव्हे, अहिल्याबाईंचे. राजवाड्यासमोरच्या बागेत पुतळाही त्यांचाच. 31 मे 2025 रोजी, त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली त्या दिवशी, भोपाळमध्ये भारत सरकारचे 300 रुपयांचे स्मारक नाणे प्रसिद्ध झाले. त्यावर अहिल्याबाईंची प्रतिमा आहे.